अक्कांची काडतूस-ओळख

नवं पुस्तक हातात आलं की माणसं ते उघडून वास घेतात, चित्रं चाळतात, मागची किंमत बघतात. अक्का आधी पेन्सिलीला टोक काढायला बसायच्या. टोक मनासारखं झालं की चष्मा पुसायच्या, पुस्तक पाटावर ठेवायच्या आणि पहिल्या पानापासून चुका शोधायला लागायच्या. एखादी सापडली की चेहरा असा उजळायचा, की शेजारणीला वाटावं यांच्या मुलाचं लग्न ठरलं! "सापडली! हाई बठ्ठं खोटं शे!" म्हणजे हे सगळं खोटं आहे, असं घरभर ओरडून त्या पानाच्या कडेला खरा आकडा लिहायच्या आणि मगच चहा टाकायच्या.

ही पुस्तकं काडतुसांची असायची. अशी पुस्तकं जगात निघतात हेच मला अक्का भेटेपर्यंत माहीत नव्हतं. विटेएवढी जाड. पानापानावर एकेका काडतुसाचं चित्र, त्याची पितळी नळी किती लांब, तळ किती रुंद, गोळी किती जाड, तळावर कुठल्या कारखान्याची अक्षरं, कुठल्या बंदुकीत ते चालतं. भुसावळातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे बाकीच्या बायका काचेचे कप मांडतात त्या शोकेसमध्ये अशी अकरा पुस्तकं उभी होती. कप स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेले.

अक्का मूळच्या धुळ्याकडच्या, साक्रीजवळच्या खेड्यातल्या. नवरा रेल्वेत होते, ते लवकर गेले. अक्कांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात तीस वर्षं काढली. समोरून येणारं प्रत्येक काडतूस मापाला लावायचं, बसलं तर पुढे, नाही बसलं तर बाजूला. निवृत्त झाल्या, पण ती सवय काही निवृत्त झाली नाही. माझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा भाकरी हातात धरून म्हणाल्या, "एका बाजूला जाड झालीय गं. पण चव फर्स्ट क्लास!" बोलायच्या शुद्ध पुस्तकी मराठी, पण आनंद झाला की अहिराणी उसळून यायची.

माझं भुसावळात कोर्टासमोर टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. अक्का तिथे पहिल्यांदा आल्या त्या एक पत्र टाइप करून घ्यायला. पत्र परदेशातल्या एका लेखकाला होतं. तुमच्या ग्रंथाच्या अमुक पानावर अमुक काडतुसाच्या तळाची रुंदी चुकलेली आहे, मी स्वतः पंचवीस नग मोजले आहेत, आकडे सोबत जोडत आहे.

मी हसून म्हणाले, "अक्का, एवढा मोठा माणूस तुमचं पत्र कशाला वाचेल?"

"वाचेल. ज्यानं आयुष्यभर हेच केलं, त्याला चुकलेला आकडा खड्यासारखा टोचणार."

चार महिन्यांनी उत्तर आलं! त्या गृहस्थांनी आभार मानले होते आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करतो असं लिहिलं होतं. अक्का गरम जिलेबीचा पुडा घेऊन धापा टाकत दुकानात आल्या. पुढची आवृत्तीही त्यांनी मागवली. पान उघडून त्यांनी दुरुस्त झालेला आकडा मला दाखवला. मी म्हटलं, "पण तुमचं नाव कुठेच नाही यात." त्या म्हणाल्या, "नाव काय करायचंय? आकडा आला ना!"

पुस्तकांवर त्यांचं प्रेम होतं, पण आंधळं नव्हतं. एकदा मी सहज म्हणाले की तीन-तीन पुस्तकं एकच आकडा देतात, म्हणजे तो खराच असणार. अक्कांनी तिन्ही पुस्तकं काढून समोर मांडली. एका काडतुसाच्या नावात तिन्हीकडे एकच अक्षर चुकलेलं होतं. "हे तीन साक्षीदार वाटतात ना तुला? एकानं पाहिलं, दोघांनी त्याचं ऐकलं. साक्षीदार एकच." नंतर मी वर्तमानपत्र वाचतानाही हे आठवत राहिले.

मग या पुस्तकांचा उपयोग तरी काय, असं कोणी विचारलं तर अक्का रावेरची गोष्ट सांगायच्या. तिकडे केळीच्या मळ्यात शेततळं खोदताना जेसीबीच्या दातात एक गंजका डबा आला. डब्यात काडतुसं. गावात नुसता गोंधळ! कोणी म्हणे दरोडेखोरांचा माल, कोणी म्हणे अतिरेकी. मळ्याचा मालक घामाघूम, कारण शेत त्याचं. पोलिसांनी डबा ताब्यात घेतला आणि ठाण्यातून अक्कांना फोटो पाठवला. अक्कांनी तळावरची अक्षरं मोठी करून पाहिली, चार पुस्तकं उघडली आणि अर्ध्या तासात फोन केला. "ही काडतुसं त्या मळेवाल्याच्या आजाच्या वेळची आहेत हो! असली बनवणारा कारखाना कधीच बंद पडला. त्या माणसाला पाणी द्या आधी." पुढे तज्ज्ञांच्या अहवालातही तेच आलं. मळेवाल्याने केळीचा अख्खा घड घरी पाठवला, आणि आम्ही दोघी पंधरा दिवस केळी खात होतो.

पोलिसांच्या वर्गांमध्ये अक्कांना शिकवायला बोलवायचे. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की हवालदारांना ही जाड इंग्रजी पुस्तकं परवडत नाहीत आणि वाचवतही नाहीत. तेव्हा त्यांनी ठरवलं, आपल्या भागात सापडतात तेवढ्याच काडतुसांची मराठी पुस्तिका काढायची. नाव ठेवलं 'काडतूस-ओळख'. वर्गातले निकामी नमुने आणि जळगावच्या एका परवानाधारक दुकानदाराचा माल, असं सगळं त्यांनी कॅलिपर घेऊन स्वतः मोजलं. अक्षरजुळणी मी केली. ते तीन महिने आम्ही दोघी झपाटल्यासारख्या होतो. दुकानाचं शटर उघडायच्या आधी अक्का पायरीवर हजर!

पान बारावर मोठा तक्ता होता. त्यात नळीच्या लांबीच्या रकान्यात, वरून चौथी चौकट रिकामी होती. मी विचारलं, "इथे पुस्तकातला आकडा टाकू?"

"नको. ते काडतूस मी हातात घेतलेलं नाही. जे मोजलं नाही ते कोरं राहू दे."

त्यांनी छपाईआधीची प्रत दोनदा तपासली, सही केली. त्यानंतर माझ्या ध्यानात आलं, की तक्ता पानाच्या खाली दोन ओळी उतरतोय. मी तो आवळून बसवला. साठ प्रती छापल्या आणि धुळे, जळगाव, चाळीसगाव, शिरपूर अशा वाटल्या. कुठली प्रत कोणाकडे गेली याची यादी अक्कांनी वहीत लिहून ठेवली. आमच्या आनंदाला सीमा नव्हती.

दीड वर्षाने एका दुपारी ओळखीचे एक वकीलसाहेब जामीन अर्ज टाइप करायला दुकानात आले. सोबत त्यांच्या अशिलाची बायको होती. अशील म्हणजे सुपडू भाऊ, निवृत्त सैनिक, एका बँकेत रखवालदार. त्यांच्याकडे स्वतःची परवान्याची रायफल होती, 'थ्री फिफ्टीन' बोअरची, म्हणजे त्या मापाच्या गोळीची. निवडणूक आली की परवानाधारकांना शस्त्र पोलिसांत जमा करावं लागतं. त्याप्रमाणे ते रायफल आणि दहा काडतुसं घेऊन ठाण्यात गेले. काडतुसं जुनी, पितळेवर हिरवा कळंक चढलेला, तळावरची अक्षरं घासून गेलेली. तिथल्या हवालदाराने काडतुसाची नळी मोजली, हाताशी असलेल्या पुस्तिकेत पाहिलं, आणि ती निघाली 'थ्री नॉट थ्री'ची. म्हणजे बंदी असलेलं लष्करी बोअर. सुपडू भाऊ थेट कोठडीत.

"त्या सोताच बंदूक जमा कराले गयथात," बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. स्वतःहून गेलेला माणूस घरी परत आला नाही, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नव्हतं. परवान्याचं पुस्तक त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलं होतं.

वकीलसाहेब सांगत होते आणि मी टाइप करत होते. "सदर पोलिसांनी 'काडतूस-ओळख' या पुस्तिकेतील पान बारा वरील..." माझी बोटं थांबली. त्यांनी पानाची झेरॉक्स पुढे केली. अक्कांनी ज्या प्रतीवर सही केली होती तिची जुनी फाइल मी संगणकात शोधली आणि पान बारा छापून काढलं. दोन्ही पानं शेजारी धरली.

तक्ता आवळताना ती कोरी चौकट माझ्या हातून पुसली गेली होती. तिच्याखालचे सगळे आकडे एकेक घर वर सरकले होते आणि तळाशी एक जागा रिकामी पडली होती. थ्री नॉट थ्रीच्या पुढे छप्पन्न मिलिमीटर हवं होतं, तिथे तिच्या खालच्या थ्री फिफ्टीनचं पन्नास येऊन बसलं होतं.

मी दुकान तसंच टाकून पळत सुटले. अक्का पीठ मळत होत्या. मी दोन्ही पानं त्यांच्यासमोर धरली. पिठाचे हात वर धरून त्यांनी वाचलं. चूक सापडली आणि अक्कांचा चेहरा उजळला नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"किती दिवस झाले त्यांना आत?"

"सतरा. अक्का, हे माझ्या हातून..."

"ते नंतर. वकील कुठे आहेत?"

हात कसेबसे धुऊन त्या निघाल्यासुद्धा! माझ्या दुकानात बसून त्यांनी शपथपत्र सांगितलं. मी टाइप करत होते. एक वाक्य आलं: 'सदर चूक माझ्या पुस्तिकेतील असून तिची जबाबदारी माझी आहे.' मी मागे वळून पाहिलं. त्या म्हणाल्या, "थांबू नकोस. टाइप कर."

तिसऱ्या दिवशी सुनावणी होती. अक्का कडक इस्त्रीचं पातळ नेसून, लाकडी पेटीत कॅलिपर घेऊन आल्या. पिशवीत तीन जाड पुस्तकं. सुपडू भाऊंना आणलं तेव्हा त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग या अनोळखी बाईकडे. न्यायाधीशांनी मुद्देमालाचं सील समोर उघडायला लावलं. तो हवालदारही हजर होता, मान खाली घालून.

अक्का बोलल्या त्या आधी त्याच्याबद्दलच. "साहेब, या हवालदारांनी माप अगदी बरोबर घेतलंय. पंचनाम्यात पन्नास लिहिलंय, ते पन्नासच आहे. माझं पुस्तक चुकलं. ते चुकले नाहीत." हवालदाराने मान वर केली.

सरकारी वकील उठले. "बाई, पुस्तक चुकू शकतं तर तुम्हीही चुकू शकता. तुमच्या मोजमापावर विश्वास का ठेवायचा?"

"ठेवूच नका ना!" अक्का एकदम उत्साहाने म्हणाल्या, जणू याच प्रश्नाची वाट बघत होत्या. "कॅलिपर तुम्ही धरा. इथे, असं. आधी हा मापाचा ठोकळा तपासा, त्याचं प्रमाणपत्र सोबत आहे. म्हणजे कॅलिपर खरं बोलतंय की नाही ते कळेल. मग काडतूस घ्या."

सगळं कोर्ट पुढे झुकलं. सरकारी वकिलांनी ठोकळा मोजला, मग एक काडतूस घेतलं. "पन्नास... पन्नास पूर्णांक तीन." दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. चौथ्यापासून ते स्वतःच रंगून गेले आणि दहाच्या दहा मोजूनच थांबले. मग अक्कांनी त्यांच्याकडून गोळीची जाडीही मोजवून घेतली. न्यायाधीशांनी तिन्ही पुस्तकं समोर मागवली. तिन्हीत थ्री फिफ्टीनचीच मापं जुळत होती.

"म्हणजे पुस्तकांचा पुरावा भक्कम आहे," न्यायाधीश म्हणाले.

"तसा आहे साहेब, पण तेवढ्यावर जाऊ नका," अक्का म्हणाल्या. आमच्या वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. "पुस्तकवाले एकमेकांचं बघून लिहितात. भाऊंची रायफल तुमच्याकडे जमाच आहे. तज्ज्ञाला बघायला सांगा, काडतूस तिच्यात बसतं का. थ्री नॉट थ्रीची नळी लांब असते, ती या रायफलीत बसणारच नाही. बंदुकीला वाचता येत नाही, ती खोटं बोलणार नाही."

न्यायाधीश हसले. त्याच दिवशी जामीन मंजूर झाला! पुढे तज्ज्ञांचा अहवाल आला, थ्री फिफ्टीन, आणि प्रकरणच मिटलं. पण ते सगळं नंतर. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात सुपडू भाऊंची बायको अक्कांच्या पाया पडायला वाकली, तर अक्काच मागे सरल्या. हात जोडून सुपडू भाऊंना म्हणाल्या, "भाऊ, वीस दिवस तुमचे गेले. ते मला परत देता येणार नाहीत. माफ करा."

सुपडू भाऊंनीही हात जोडले. मग म्हणाले, "अक्का, फौजेत वीस वर्षं राहिलो. 'चूक माझी' म्हणणारा साहेब दोनदाच भेटला. तुम्ही तिसऱ्या."

ते गेल्यावर मला राहवलं नाही. व्हरांड्यातच रडायला लागले. "अक्का, तुम्ही खोटं का बोललात? सही केलेली प्रत तुमच्याकडे होती. चूक माझी होती, सगळ्यांना कळायला हवं होतं."

"कसाले रडस?" त्या जवळ येऊन बसल्या. "मी खोटं नाही बोलले. छपाईआधीची प्रत मी तपासली, पण छापून आलेलं पान तपासलंच नाही. नवं पुस्तक होतं, माझं स्वतःचं होतं, कौतुकात राहिले. दुसऱ्याचं असतं तर पहिल्या दिवशी पकडलं असतं." आणि मग नाक पुसत हसल्या. "चल आता. साठ प्रती आहेत बाहेर. आणखी कोणी सुपडू भाऊ आत जाण्याआधी पोचायचंय आपल्याला."

दुरुस्त तक्त्याच्या पट्ट्या छापल्या आणि एसटीने निघालो. वहीतली यादी, डिंकाची बाटली, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. ठाण्यात जायचं, पुस्तिका मागायची, पट्टी चिकटवायची, सुकेपर्यंत अक्कांनी तिथल्या लोकांना दहा मिनिटं शिकवायचं. कुठे कुठे तर गर्दी जमायची! प्रत्येक ठिकाणी त्या आधी विचारत, "या पानावरून कोणाला पकडलं का?" सुदैवाने दुसरं कोणी नव्हतं. सत्तावन्न प्रती सापडल्या. दोन वाळवीने खाल्ल्या होत्या. एक मात्र कुठे गेली कळलं नाही. ती ज्यांच्याकडे होती ते हवालदार निवृत्त होऊन गाव सोडून गेले होते. अक्का शेवटपर्यंत ओळखीच्या प्रत्येक पोलिसाला त्यांच्याबद्दल विचारत राहिल्या.

मागच्या हिवाळ्यात अक्का गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. मुलगा पुण्याहून आला. अकरा पुस्तकं त्याने माझ्या हवाली केली, म्हणाला, "यांतलं मला काहीच कळत नाही, ताई."

त्यानंतर दोन महिन्यांनी नंदुरबारकडून एका बाईचा फोन आला. तिच्या दिवंगत सासऱ्यांच्या पेटीत 'काडतूस-ओळख' निघाली होती, मागच्या पानावर माझ्या दुकानाचा नंबर होता. मी दुसऱ्याच दिवशी गाडी धरली. पट्टी आणि डिंक घेऊन गेले. तिच्या ओट्यावर बसून पान बारा उघडलं, आणि बघतच राहिले. नळीच्या लांबीचे आकडे निळ्या शाईने खोडून सगळे एकेक घर खाली लिहिले होते. कडेला बारीक अक्षरात होतं, 'मोजून पाहिले. चूक आहे. अक्कांना कळविणे.' खाली तारीख, पुस्तिका निघाल्यानंतर दीड महिन्याची. सुपडू भाऊंच्या प्रकरणाच्या सव्वा वर्ष आधी.

"मग कळवलं का नाही त्यांनी?" मी विचारलं.

ती सून म्हणाली, "मी आठवण करून द्यायची ना. पण मामंजी म्हणायचे, एवढ्या हुशार बाई, आपण हवालदार, त्यांना चूक कशी दाखवायची? बरं दिसत नाही."

परतीच्या गाडीत मी ते पान उघडून बसले होते. अक्कांना हे कळतं तर त्या आनंदाने ओरडल्या असत्या की कपाळ बडवून घेतलं असतं, याचा विचार करत. भुसावळला उतरेपर्यंत मी दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं होतं. छापून आल्यावर प्रत्येक पान सहीच्या प्रतीशी दोनदा ताडून पाहिलं. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, माझा नंबर घातला आणि खाली लिहिलं: 'चूक सापडली तर लगेच फोन करा. तुम्ही कोण, केवढे, याचा विचार करू नका.'

गेल्या आठवड्यात फोन वाजला. रावेरकडच्या एक महिला शिपाई होत्या. आवाज घाबरा.

"ताई, रागावणार नाही ना? पान चौदा. तिसऱ्या ओळीत तळाची रुंदी दिलीय. मी तीनदा मोजली, पण ती..."

मी खुर्चीतून उभी राहिले. दुकानातली माणसं चमकून बघायला लागली.

"थांबा, थांबा! पुस्तक घेते! आता सांगा, बठ्ठं सांगा!"